मणिपालला लेकराकडे जाताना

मणिपालच्या लॉजमध्ये खोली मागायला मुख्यतः दोन प्रकारची माणसं येतात. एक, कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये ज्यांचं कुणी दाखल आहे ती. दुसरी, ज्यांचं लेकरू इथे शिकायला आहे ती. काउंटरवर दोघंही शेजारी उभी असतात. दोघांच्या हातात पिशव्या, दोघांच्या चेहऱ्यावर रात्रीच्या प्रवासाचा शीण. पर्यटनाचा हंगाम असो नसो, इथल्या खोल्या भरलेल्या का असतात याचं उत्तर या काउंटरवरच मिळतं. पेशंटच्या नातेवाइकांना आपला मुक्काम किती दिवसांचा हे माहीत नसतं. डॉक्टर सांगतील तसा तो एकेक दिवसाने वाढतो, आणि माणुसकी म्हणून त्यांना ‘खाली करा’ असं कुणी सांगत नाही. म्हणून फोनवर ‘हो, मिळेल’ असं ऐकून निघालेल्या आईबापांना दारात थांबावं लागतं. त्यावर उपाय साधा आहे. फोन झाल्यावर लगेच नाव, तारीख, माणसं किती, भाडं किती हे मेसेजवर लिहून पाठवा, उत्तर आल्याशिवाय खोली ठरली असं समजू नका, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा.

ही खोली तुमच्या सहलीची नाही, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं. मालपेच्या किनाऱ्यावर, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली बघून मन भुलतं. पण मुलाचा दिवस सकाळी आठ-नऊला वर्गात सुरू होतो, दुपार प्रॅक्टिकलमध्ये जाते आणि रात्री ठरलेल्या वेळेच्या आत हॉस्टेलचं दार गाठावं लागतं. तुमच्या वाट्याला संध्याकाळचे दोन-तीन तास उरतात. खोली मालपेला घेतली तर त्यातला मोठा भाग रिक्षातच जातो. हॉस्टेलपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर साधी खोली असेल, तर मूल दोन तासांच्या मधल्या सुट्टीतही येऊन जातं. येतं, बूट काढतं, पलंगावर आडवं होतं. शनिवारी दुपारी सलग तीन तास झोपेल. ‘एवढ्या लांबून आलो आणि हा झोपून राहिला’ असं मनात आणू नका. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दारावर कुणी थाप मारणार नाही अशी जागा मिळालेली असते. त्या तीन तासांसाठी एवढं भाडं भरलं असं समजायला माझी अजिबात हरकत नाही.

जागेचा अंदाज येण्यासाठी थोडा भूगोल. उडुपी खाली, मणिपाल वर पठारावर, मध्ये जेमतेम पाच-सहा किलोमीटर. मण्णु म्हणजे माती आणि पळ्ळ म्हणजे तळं, यावरून मणिपाल हे नाव आलं असं सांगतात. ते तळं, मण्णपळ्ळ, आजही गावात आहे. १९५३ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी इथे कस्तुरबा मेडिकल कॉलेज सुरू केलं, १९५७ साली इंजिनिअरिंग कॉलेज आलं, आणि मग गावच कॉलेजभोवती वाढत गेलं. सगळ्या पत्त्यांचा खांब म्हणजे टायगर सर्कल हा चौक. खोली विचारताना ‘मणिपालमध्ये आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘टायगर सर्कलपासून चालत किती मिनिटं, आणि चढ आहे का’ असं विचारा. नकाशावर आठशे मीटर दिसणारं अंतर चढावर गुडघेदुखी असलेल्या आईला वीस मिनिटांचं होतं. आणि इंजिनिअरिंगची हॉस्टेलं वेगळ्या बाजूला, मेडिकलची वेगळ्या, तेव्हा मुलाच्या ब्लॉकचं नाव आधी विचारून घ्या.

फोनवर आणखी चार गोष्टी विचारायच्या. तिसऱ्या माणसासाठी पलंग देणार की जमिनीवर गादी? ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे बहुतेक ठिकाणी गादीच असते. गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी? सोलरवर चालणाऱ्या लॉजमध्ये पावसाळी दिवसांत तेही मिळेलच असं नाही. खिडकी बाहेर उघडते की पॅसेजमध्ये? इथे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंद खोलीत गादीला, उशीला, पडद्याला बुरशीचा वास धरतो आणि तो एसीने जात नाही. आणि चेक-इन बारा वाजताचं की चोवीस तासांचं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं कारण कोकण रेल्वे.

मुंबईहून जाणारी मत्स्यगंधा लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी निघते आणि उडुपीला पहाटे पोचवते. नेत्रावती तर भर रात्री उतरवते. सीएसएमटीहून रात्री सुटणारी मंगळुरू सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उडुपीला येते, आणि बारा वाजताच्या चेक-इनला हीच सोयीची. पहाटेच्या गाडीने येणार असाल तर दोनच मार्ग: आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि एका रात्रीचं जास्तीचं भाडं मान्य करा, नाहीतर चोवीस तासांचा हिशेब करणारं लॉज शोधा. पहाटे पाचला उतरून बारापर्यंत सामान घेऊन हिंडलं, की पहिला दिवस डोकेदुखीत जातो, आणि मूल भेटायला येतं तेव्हा तुम्ही पेंगत असता. पुण्याहून थेट गाड्या रोज नाहीत, म्हणून बरेच जण पनवेल गाठून मत्स्यगंधा धरतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारला जोडून जायचं असेल तर त्याच सकाळी तिकीट काढा, कोकणात उतरणाऱ्यांचीही त्याच डब्यांत गर्दी असते. आणखी एक. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. पावसाळ्यात जाताना जुन्या वेळा डोक्यात ठेवून लॉजला तास सांगू नका. विमानाने आलात तर मंगळुरूजवळच्या बजपे विमानतळावरून मणिपाल साधारण साठ किलोमीटर, टॅक्सीने दीड तास धरा.

उडुपी स्टेशन इंद्राळीला आहे, म्हणजे उडुपी आणि मणिपालच्या मध्ये. त्यामुळे स्टेशनवरून उडुपीत जाऊन पुन्हा वर यायची गरज नाही, रिक्षा थेट मणिपालला घ्या. उडुपीत मात्र बसचे तीन निरनिराळे स्टँड आहेत: सिटी बसचा, लांबच्या खासगी बसचा म्हणजे सर्व्हिस बसचा, आणि सरकारी. ‘बस स्टँडवर भेटू’ असं मुलाशी ठरवलंत तर तो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे उभे राहाल. उडुपी-मणिपाल खासगी बस दर काही मिनिटांनी असते. ती घ्या. स्वस्त पडते आणि गावाची ओळख होते.

कधी जाऊ नये हेही सांगायला हवं. प्रवेशाचे दिवस आणि पदवीदान समारंभाचे दिवस म्हणजे खोल्यांची मारामार. त्याहून मोठी गर्दी ‘पर्याय’ नावाच्या सोहळ्याची. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाची पूजा आठ मठांकडे आळीपाळीने जाते, दर दोन वर्षांनी, सम सालच्या १८ जानेवारीला. तो सोहळा बघायचा असेल तर मुद्दाम जा, पण मग मुलाच्या भेटीचा नाद त्या दोन-तीन दिवसांपुरता सोडा, कारण रस्तेच बंद असतात. गोकुळाष्टमीची गंमत वेगळी आहे. कृष्ण मठ सौर पंचांग पाळतो, त्यामुळे तिथली अष्टमी काही वर्षी आपल्यापेक्षा महिनाभराने येते. २०२५ साली आपली ऑगस्टमध्ये झाली, त्यांची सप्टेंबरच्या मध्यावर. आपलं कालनिर्णय बघून ‘सण होऊन गेला, आता गर्दी नसेल’ असं ठरवणारे नेमके विट्टल पिंडीच्या मिरवणुकीत, वाघाच्या वेषातल्या नाचणाऱ्यांच्या गराड्यात सापडतात. मुलाच्या परीक्षेचा आठवडा आणि त्याच्या आधीचा आठवडा, दोन्ही टाळा. पहिल्या महिन्यातही जाऊ नये असं माझं मत आहे. मूल नुकतं रुजत असतं, आपण गेलो की माती पुन्हा हलते. सत्रातली पहिली चाचणी झाली की त्यानंतरचा शनिवार-रविवार उत्तम. हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी.

हॉस्टेलमधून रात्री बाहेर राहायला पालकांची लेखी परवानगी लागते. ती आधी, ठरलेल्या पद्धतीने पाठवावी लागते. ‘मी बाप आहे, समोर उभा आहे’ हे वॉर्डनला चालत नाही, आणि चालू नये हेच बरं. शनिवारची रात्र मूल तुमच्या खोलीवर झोपणार असेल तर हे गुरुवारीच करून टाका. लॉजमध्येही मुलाचं स्वतःचं आधार कार्ड दाखवावं लागतं. ते बहुतेकदा कपाटात तळाशी असतं. काढून ठेवायला आधीच सांगा.

मूल वर्गात असताना तुमचे दिवस मोकळे असतात. तेव्हा उडुपीचं देऊळ करून घ्या, कारण मुलांना तिथे पुन्हा पुन्हा यायचा कंटाळा असतो. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी स्थापन केलेला हा कृष्ण पश्चिमाभिमुख आहे आणि त्याचं दर्शन नऊ छिद्रांच्या चांदीच्या खिडकीतून घ्यायचं असतं. बाहेरच्या बाजूची ती कनकन किंडी, कनकदासांची खिडकी. धनगर समाजातल्या या भक्ताला आत येऊ दिलं नाही, तेव्हा देव त्याच्याकडे वळला अशी कथा. चोखोबा आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे त्या खिडकीपाशी मराठी माणसाचे पाय जरा जास्त वेळ थांबतात. पुरुषांना आत जाताना शर्ट काढावा लागतो, तेव्हा सोबत उपरणं ठेवा. दुपारी प्रसादाचं जेवण असतं. मांडी घालून बसता येत नसेल तर तसं सांगा. रथबीदीवरून, म्हणजे देवळाभोवतीच्या रथाच्या रस्त्यावरून, आठही मठ एका फेरीत बघून होतात.

मणिपालमध्येच मेडिकल कॉलेजचं शरीररचनेचं संग्रहालय आहे. मूल मेडिकलला असेल तर ते जरूर बघा, ते रोज काय हाताळतं हे कळतं. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी विजयनाथ शेणै यांनी उभारलेलं हस्तशिल्प हेरिटेज व्हिलेज बघावं. जुनी पडायला आलेली घरं खांबा-तुळयांसकट सुटी करून इथे पुन्हा उभी केली आहेत. ते मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं, म्हणून वेळ आधी फोनवर विचारा.

जेवणाचं दोन दिवस काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी पोळीची आठवण येते. भात मिळेल तो पुष्कळदा कुचलक्की, म्हणजे आपल्या कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ. घाटावरच्या माणसाला तो जाड लागतो, पण त्याच्यावर सार चांगलं मुरतं. नाश्त्याला नीर डोसा, गोळीबजे आणि केळं घालून केलेले गोडसर बन्स. मासे खाणाऱ्यांसाठी शब्दांची एवढी शिदोरी पुरे: अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडे, भूताय म्हणजे तारली, काणे म्हणजे मुडदुशी. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, तेव्हा ताटातला मासा बर्फातला असू शकतो. त्या दिवसांत मी शाकाहारीच सुचवेन, आणि उडुपीत शाकाहारी जेवणं ही काही शिक्षा नव्हे. बोलायची अडचण फारशी येत नाही. मणिपालला हिंदी चालते, आणि इथल्या कित्येक घरांत कोंकणी बोलतात. हळू मराठीत विचारलं तर दुकानदार चमकून बघतो आणि कोंकणीत उत्तर देतो. ‘साकु’ म्हणजे पुरे, हा एक कन्नड शब्द मात्र पाठ करा. वाढपी थांबत नाहीत.

आता मुलाबरोबरच्या भटकंतीकडे येऊ. संध्याकाळच्या दोन तासांत एंड पॉइंट होतं: पठाराच्या टोकाची बाग, खाली स्वर्णा नदी आणि लांबवर पश्चिम क्षितिज. किंवा मण्णपळ्ळच्या तळ्याभोवती चालणं. बोलायचं असेल तर तळंच बरं. समोरासमोर बसून ‘कसं चाललंय’ विचारलं तर ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. शेजारी चालताना, नजर समोर असताना, दुसऱ्या फेरीला मुलं आपोआप बोलायला लागतात.

अर्ध्या दिवसाची सगळ्यात चांगली जागा म्हणजे सेंट मेरीज बेटं. उडुपीहून मालपे सहा किलोमीटर, तिथून बोट. १४९८ साली वास्को द गामा इथे उतरला अशी आख्यायिका आहे, पण खरी नवलाई दगडाची. षट्कोनी खांब शेजारी शेजारी रोवल्यासारखे उभे आहेत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिलाय त्यांना ओळखीचं वाटेल, पण हा दगड त्याहूनही जुना, साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून सुटत होता तेव्हाचा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, आणि बाकी दिवसांतही वारा वाढला की बंद करतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. सकाळची पहिली बोट धरा. अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात, सावली थोडीच आहे. मोठी बोट बेटाला थेट लागत नाही तेव्हा छोट्या होडीत उतरावं लागतं. साडीपेक्षा सलवार-कमीज, चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल. खांबांवर शेवाळ असतं आणि लाटा फसव्या, पाण्यात शिरू नका.

पूर्ण दिवस मिळाला तर दोन दिशा आहेत. पूर्वेला आगुंबे, साधारण पंचावन्न किलोमीटर, चौदा वळणांचा घाट. वाटेत हेब्रीवरून थोडं वळलं की वरंगला तळ्याच्या मधोमध बसदी, म्हणजे जैन देऊळ आहे, तिथे होडीने जायचं. तिथून पुढे कार्कळ, जिथे १४३२ साली उभारलेला ४२ फुटी बाहुबली आहे. तिन्ही एका दिवसात बसतात, पण क्रम चुकला तर नाही. सकाळी कार्कळ, कारण खडकात खोदलेल्या पायऱ्या उन्हात तापतात. मग वरंग, आणि शेवटी आगुंब्याचा सूर्यास्त. सूर्यास्तानंतर घाट अंधारात उतरायचा असतो, दीड तास तरी धरा, आणि हॉस्टेलची वेळ त्यात बसते का ते आधी मोजा. घाट लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं. पावसाळ्यात जळवा असतात, रस्ता सोडून गवतात जाऊ नका.

उत्तरेची वाट मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे. कुंदापूरजवळ बसरूर आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन इथवर आले आणि या श्रीमंत बंदरावर छापा घातला. आज बघायला भव्य असं काही नाही. नदीकाठचं शांत गाव आहे, जुनी देवळं आहेत. पण मूल शाळेत ज्या मोहिमेचं नाव पाठ करून विसरलं, ती आपल्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर घडली हे त्याला उभं राहून सांगायला आवडतं. पुढे मरवंते, जिथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. त्याच नदीच्या वरच्या अंगाला कोल्लूरची मूकांबिका. कोल्लूर सकाळी करून परतताना मरवंतेला चार-साडेचार वाजता या.

टॅक्सी ठरवताना किमान किलोमीटर किती धरतात, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा का, आणि घाटाला जास्तीचं काही आहे का, हे विचारून मगच बसा. मुलं भाड्याच्या स्कूटरचा आग्रह धरतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिलेली असेल आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि जाण्याची जागा मुलालाच निवडू द्या. ती यादी तुम्ही घरून करून आणलीत तर ते मुकाट्याने येईल, एवढंच.

घरून नेण्याचा खाऊ. इथल्या दमट हवेत चिवडा दोन दिवसांत सादळतो, म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या पावशेराच्या पिशव्या घट्ट बंद करून न्या. बेसनाचे लाडू आणि शेंगदाण्याची सुकी चटणी टिकते. ओलं खोबरं असलेलं काही नको. पहिला डबा खोलीतल्या मित्रमंडळींत पहिल्याच रात्री संपतो आणि तो तसाच संपावा. दुसरा, छोटा डबा निघताना हळूच द्या. बरोबर नायलॉनची दोरी, चिमटे, डांबराच्या गोळ्या आणि जाड टॉवेलऐवजी दोन पंचे. पंचा इथे सुकतो, टॉवेल सुकत नाही.

मत्स्यगंधासारख्या परतीच्या मुंबई गाड्या उडुपीला दुपारी-संध्याकाळी येतात. कामाचा दिवस असेल तर मूल तेव्हा वर्गात असतं. त्याला तास बुडवून स्टेशनवर यायला लावू नका. निरोप आदल्या रात्री, हॉस्टेलच्या फाटकापाशी, वेळेच्या दहा मिनिटं आधी घ्या, म्हणजे त्याला पळत आत जावं लागणार नाही. खोली सोडताना बाथरूममधला त्याचा साबण आणि चार्जर बघा, दोन्ही तिथेच राहतात. गाडी उडुपीला थोडाच वेळ थांबते, डबा कुठे येतो ते पाटीवर बघून सामानासह तिथे उभे राहा. जागा मिळाली तर डाव्या खिडकीला बसा. सुटल्यावर थोड्याच वेळात गाडी एक रुंद नदी ओलांडते. ती स्वर्णा. एंड पॉइंटवरून परवा संध्याकाळी तिघांनी मिळून पाहिली तीच.